पिक्सेल वाढले, रेषा पुसल्या

कोकणातल्या सड्यांवर ड्रोन उडवणाऱ्या मंडळींकडून गेली काही वर्षे एकच तक्रार मी निरनिराळ्या शब्दांत ऐकतो आहे. जुन्या ड्रोनचे फुल एचडी चित्रण घरच्या संगणकावर छान दिसायचे. नवा ड्रोन घेतला, तो फोर-के चित्रण करतो, म्हणजे चौपट बारकावा. पण तेच चित्रण संगणकावर लावले की अडखळते, गढूळ दिसते, गवताचे शेवाळ होते, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती कातळावरची रेषा कुठे दिसतच नाही. उडवताना मोबाइलच्या पडद्यावर मात्र सगळे लख्ख होते! मग कोणी मेमरी कार्डाला दोष देतो, कोणी दुकानदाराला, कोणी ‘शेवटी चायना माल’ म्हणून हात झटकतो.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर मी कातळशिल्पांच्या नादाला लागलो, त्यामुळे ही तक्रार फिरून फिरून माझ्या दारी येते. ती तांत्रिक आहे, पण किरकोळ नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली ही चित्रे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून उजेडात आणली. 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, जांभरूण, कुडोपी आणि गोव्यातले एक स्थळ धरून कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. पण त्यांतली कितीतरी चित्रे खासगी जमिनीत उघड्यावर आहेत. शेजारी चिरेखाण सुरू होते, रस्ता रुंद होतो, कोणी घरासाठी जमीन सपाट करून घेतो. अशा वेळी एखाद्या हौशी तरुणाने घेतलेले चित्रण हाच उद्या एकमेव पुरावा उरू शकतो. त्या पुराव्यात रेषाच नसेल तर?

म्हणून हा प्रश्न मुळापासून समजून घेतला पाहिजे. मोठ्या आकड्याचे चित्र वाईट कसे दिसू शकते?

आधी आकडे. फुल एचडीच्या एका चौकटीत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. फोर-केच्या चौकटीत 3840 गुणिले 2160, म्हणजे 82,94,400. बरोबर चौपट. कातळशिल्पाच्या भाषेत याचा अर्थ काय, तेही पाहू. बहुतेक छोट्या ड्रोनची भिंग साधारण 24 मिलिमीटरची (जुन्या फिल्मच्या मापाने) असते. अशा भिंगातून 30 मीटर उंचीवरून सरळ खाली पाहिले तर सुमारे 45 मीटर रुंदीची जमीन चौकटीत येते. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे, तो तीत ऐसपैस मावतो. आता 45 मीटर भागिले 3840, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला सव्वा सेंटिमीटरहून थोडी कमी जमीन. फुल एचडीत हाच ठिपका दोन सेंटिमीटरच्या पुढे जातो. पाच सेंटिमीटर रुंदीची खोदलेली रेषा फोर-केत चार ठिपक्यांची, तर फुल एचडीत जेमतेम दोन ठिपक्यांची. कागदावर फोर-केचीच बाजू बळकट आहे, यात वाद नाही.

पण हे ठिपके कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडले म्हणजे ते फाइलमध्ये पोचले असे नाही. इथे खरी मेख आहे.

फोर-केचे चित्रण काहीही न गाळता साठवायचे ठरवले तर काय होईल? व्हिडिओत रंगाच्या बाबतीत आधीच एक काटकसर रूढ आहे. प्रत्येक ठिपक्याची उजळता स्वतंत्र नोंदवायची, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही, म्हणून हे चालून जाते. एवढी काटकसर करूनही ठिपक्यामागे सरासरी 12 बिट लागतात. सेकंदाला 30 चौकटी धरल्या तर फोर-केसाठी दर सेकंदाला सुमारे 299 कोटी बिट झाले. ड्रोनमधले चिमुकले कार्ड हा लोंढा घेऊ शकत नाही. बाजारातले बरेच छोटे ड्रोन सेकंदाला 6 कोटी किंवा 10 कोटी बिट, म्हणजे 60 किंवा 100 मेगाबिट एवढेच लिहितात. याला बिटरेट म्हणतात. 100 मेगाबिट धरले तरी मूळच्या तिसाव्या हिश्शाएवढेच कार्डावर उतरते. 60 मेगाबिट असेल तर पन्नासाव्या.

आता तोच ड्रोन, तोच 60 मेगाबिटचा बिटरेट, पण चित्रण फुल एचडी. मूळ लोंढा होता सुमारे 75 कोटी बिटांचा, लिहिले 6 कोटी. म्हणजे साधारण बाराव्या हिश्शाएवढे. थोडक्यात, शिधा तेवढाच आणि पंगत चौपट! प्रत्येक ठिपक्याच्या पानात पडणारा घास चौथाई झाला. सेकंदाला 60 चौकटी निवडल्या आणि बिटरेट तोच राहिला, तर त्याचाही निम्मा.

हा हिशेब इतका सरळ नसतो, हेही सांगितले पाहिजे. ठिपके बारीक झाले की शेजारचे ठिपके एकमेकांसारखे असण्याचा संभव वाढतो आणि आवळणे सोपे जाते. त्यामुळे फोर-के चौपट वाईट दिसते असे नव्हे. निरभ्र आकाश, शांत समुद्र, पांढरी भिंत असली तर ते उत्तमच दिसते, आणि दुकानातली नमुन्याची चित्रणे पाहा, त्यांत नेमके हेच असते. गवत, पाऊस, झाडांची पालवी, खडबडीत जांभा आला की ठिगळे उघडी पडतात.

ती का, हे कळण्यासाठी आवळण्याची युक्ती पाहावी लागेल. तिचे दोन भाग आहेत.

पहिला भाग एका चौकटीपुरता. तिचे मूळ नासिर अहमद या बंगळुरूत जन्मलेल्या आणि अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या कामात आहे. 1972 मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले, ते मिळाले नाही. 1974 च्या जानेवारीत त्यांचा शोधनिबंध टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह प्रसिद्ध झाला. ही ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ नावाची रीत आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत आणि व्हिडिओत या ना त्या रूपात आहे. तीन भारतीय नावे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख शोधावा लागतो, हे जाता जाता.

रीत अशी : चित्राचे छोटे छोटे चौकोनी तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात उजळता कशी चढते-उतरते ते लाटांच्या रूपात मांडायचे. काही लाटा संथ, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू गडद होत जाणाऱ्या. काही अगदी बारीक, म्हणजे एका ठिपक्याआड एक उजेड-अंधार. डोळ्याला संथ लाटा महत्त्वाच्या, बारीक लाटांतले थोडे इकडेतिकडे झाले तरी त्याला कळत नाही. तेव्हा बिट कमी पडू लागले की यंत्र आधी बारीक लाटांचे आकडे ढोबळ करते, आणखी कमी पडले की शून्य करून टाकते. कापड तेच, पण विणीचा पोत गेला. चित्र मेण लावल्यासारखे गुळगुळीत होते.

कातळशिल्पाची रेषा ही नेमकी कसली लाट आहे? काही सेंटिमीटर खोल, शेकडो पावसाळ्यांनी कडा झिजलेली, तांबड्याच कातळात कोरलेली तांबडीच रेषा. रंगाचा फरक जवळपास नाही, आणि असला तरी रंग चार ठिपक्यांत एक. ती दिसते ती फक्त कडेच्या बारीकशा सावलीमुळे. बाजूला जांभ्याची भोके, शेवाळाचे डाग, खडबड, हेही सगळे बारीक लाटांतच मोडते. यंत्राला त्यांतली कुठली हत्तीची सोंड आणि कुठली दगडाची भोके, याचा पत्ता नाही. दोन्ही सारखीच ‘नगण्य’. सरासरी डोळ्याला सुखवण्यासाठी जे टाकून द्यायला हरकत नाही, त्या यादीत आपला पुरावा पहिल्या नंबरावर आहे.

आता दुसरा भाग. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवली तरी बिट पुरत नाहीत. म्हणून एक पूर्ण चौकट लिहायची आणि पुढच्या काही चौकटींसाठी फक्त ‘काय बदलले’ एवढेच नोंदवायचे. जुन्या खतावणीत ‘मागील पानावरून पुढे’ लिहून बाकी ओढतात, तसेच. साधारण अर्ध्या-एक सेकंदाने पुन्हा एक पूर्ण चौकट येते आणि नवे पान सुरू होते. चौकटीतली एखादी वस्तू नुसती सरकली असेल तर ‘हा तुकडा डावीकडे सात ठिपके’ एवढी नोंद पुरते. ड्रोन स्थिर तरंगत असेल आणि खाली नुसता कातळ असेल, तर बदल जवळपास शून्य. मग वाचलेले बिट यंत्र बारकाव्यांवर खर्च करते. ड्रोन थांबला की सेकंदाभरात चित्र निवळत जाते, ते यामुळे.

पण सड्यावर नुसता कातळ कुठे असतो? भोवती गवत असते आणि वारा असतो. गवताचे प्रत्येक पाते प्रत्येक चौकटीत वेगळ्या दिशेला. ‘हा तुकडा सरकला’ म्हणून भागत नाही, सगळेच नव्याने लिहावे लागते. सगळा शिधा गवत खाऊन टाकते आणि मधल्या कातळाच्या वाट्याला खरकटे येते. ऑगस्टमधले हिरवेगार चित्रण मोबाइलवर मोहक दिसले तरी नोंद म्हणून सगळ्यांत निरुपयोगी ठरते, ते यामुळेच. अशा चित्रणात नीट पाहिले तर कातळ दर सेकंदाला श्वास घेतल्यासारखा किंचित धडधडताना दिसतो : पूर्ण चौकट आली की पोत उमटतो, मग पुसट होत जातो, पुन्हा उमटतो.

इथवरचा दोष फाइलमधला. संगणक बदलून तो जाणार नाही. पण तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या फाइली मुळात बऱ्या असतात, त्या बिघडतात पुढे, संगणकात.

‘मागील पानावरून पुढे’ पद्धतीत लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात, वाचणाऱ्याचे नाही. प्रत्येक चौकट दाखवण्यासाठी संगणकाला मागची पाने उलटत बेरीज करावी लागते, आणि तीही सेकंदाला तीस वेळा, दर वेळी 83 लाख ठिपक्यांची. त्यात आवळण्याची भाषा बदलली. 2003 मध्ये आलेल्या एच.264 या पद्धतीऐवजी नवे ड्रोन 2013 मध्ये मान्य झालेली एच.265, म्हणजेच एचईव्हीसी पद्धत वापरतात. ती तेवढ्याच बिटांत अधिक चांगले चित्र देते, पण उलगडायला बरीच अवघड आहे. त्यासाठी प्रोसेसरमध्ये खास वेगळे सर्किट असावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरांत ते 2015 च्या सहाव्या पिढीपासून आले, आणि 10 बिट रंगाचे चित्रण उलगडायची सोय सातव्या पिढीपासून. त्याआधीच्या लॅपटॉपला हे सगळे गणित मुख्य प्रोसेसरवर ओझे टाकून करावे लागते. पंखा घोंघावतो, चौकटी गळतात, चित्र थबकते आणि उडी मारते. कधीकधी प्लेअर वेळ वाचवण्यासाठी तुकड्यांच्या कडा मिटवण्याची शेवटची पायरीच गाळतो, मग चौकोन चौकोन उघडे दिसू लागतात. एखादे मधले पान हुकले तर पुढची सगळी बाकी चुकते : करड्या रंगाचा फराटा, त्यात तरंगणारी झाडे, असे काहीतरी भुताटकीचे दृश्य पुढच्या पूर्ण चौकटीपर्यंत चालते. विंडोजमध्ये तर एचईव्हीसीसाठी वेगळा जोड विकत घ्यावा लागतो. व्हीएलसीसारखा प्लेअर स्वतःच ती भाषा जाणतो.

मोबाइलचे तसे नाही. मधल्या किमतीच्या मोबाइलमध्येही आजकाल हे सर्किट असते. शिवाय उड्डाण चालू असताना त्यावर दिसते ते कार्डावरचे चित्रण नसतेच. ड्रोनने हवेतून पाठवलेला तो वेगळा, लहान प्रवाह असतो, आणि तो तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिला की सगळे दोष झाकले जातात. जत्रेतल्या फोटोत सगळेच गोरे दिसतात, तशातला प्रकार.

कार्डाला मात्र बहुधा उगाच बोल लागतो. 100 मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, हा हिशेब विसरल्याने आकडा भयंकर वाटतो. कार्डावर ‘यू3’ किंवा ‘व्ही30’ असे लिहिलेले असेल तर ते सेकंदाला किमान 30 मेगाबाइट लिहिण्याची हमी देते. कार्ड खरेच कमी पडले तर चित्रण गढूळ होत नाही, ते मध्येच थांबते.

आता उरला पडदा. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या लॅपटॉपचा पडदा 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा असतो. फोर-केची चौकट त्यावर बसवायची म्हणजे सुमारे आठ ठिपक्यांचा एक ठिपका करायचा. नीट करायचे तर आठांची सरासरी घ्यायला हवी. पण सेकंदाला तीस वेळा हे उरकायचे असल्याने अनेक प्लेअर जवळच्या चारच ठिपक्यांकडे पाहतात आणि उरलेल्यांना वगळतात. कुठले चार, हे ड्रोन जरासा सरकला की बदलते. मग बारीक रेषा या चौकटीत आहे, पुढच्या चौकटीत नाही, त्यापुढच्या चौकटीत अर्धी. कौलारू छपरे लुकलुकतात, चिऱ्यांच्या गडग्यावर मुंग्या धावल्यासारखे वाटते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक सरकवले की नसलेल्या नागमोडी रेषा दिसतात, त्याच जातीचा हा खेळ. फुल एचडीची चौकट याच पडद्यावर बसवताना दोन ठिपक्यांचा एक करायचा असतो. तिथे चारांकडे पाहणे पुरून उरते, आणि चित्र शांत दिसते. म्हणजे या लॅपटॉपपुरते बोलायचे तर जुने चित्रण खरोखरच चांगले दिसते. तक्रार करणाऱ्याच्या डोळ्यांत दोष नाही.

हालचालीचाही थोडा भाग आहे. भर दुपारी सड्यावर इतका उजेड असतो की कॅमेरा प्रत्येक चौकट सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपतो. अशा कोरड्या, गोठलेल्या चौकटी एकामागून एक आल्या की ड्रोन वळताना दृश्य उड्या मारते, आणि चित्र जितके रेखीव तितकी उडी अधिक खुपते. आपल्याकडे जुन्या टीव्हीच्या परंपरेने अनेक जण 25 चौकटी निवडतात. संगणकाचा पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो, आणि 60 ला 25 ने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे काही चौकटी दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि चाल लंगडी होते. कॅमेऱ्यासमोर काळसर काचेचा फिल्टर लावला आणि 30 चौकटी निवडल्या तर हा त्रास बराच कमी होतो. फिकट, धुपलेल्या रंगांचे कोडे त्याहून सोपे : नंतर रंग भरता यावेत म्हणून ‘लॉग’ नावाची एक सपाट रंगपद्धत ड्रोनमध्ये असते. ती चुकून चालू राहिलेली असते.

मग दोष कुठे आहे, हे कसे ओळखायचे? मी एक साधी तपासणी सांगतो, तिला एक पैसा लागत नाही. चित्रण चालू असताना मध्येच थांबवा. थांबलेली चौकट स्वच्छ असेल, तर फाइल चांगली आहे आणि संगणक धापा टाकतो आहे. थांबलेली चौकटही विचित्र वाटत असेल, तर ती पूर्ण आकारात उघडा, म्हणजे एका ठिपक्याला एक ठिपका. पडद्यावर चौकटीचा तुकडाच मावेल, मावू द्या. त्यात रेषा नीट दिसली, तर पडद्यावर बसवताना घोळ होतो आहे. तिथेही मेणच दिसले, तर बारकावा ड्रोनमध्येच गेला. तो आता कुठलाही संगणक, कुठलेही सॉफ्टवेअर परत आणणार नाही. हल्ली ‘एआयने स्पष्ट करा’ अशी बटणे आली आहेत. ती रेषा शोधत नाहीत, शोभेलशी रेषा काढतात. कातळशिल्पाच्या नोंदीत हे म्हणजे तलाठ्याने अंदाजाने सातबारा लिहिण्यासारखे आहे. बारसूच्या दोन वाघांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला हे बटण एखादे वेळी चेहराही देईल.

संगणकाचा किंवा पडद्याचा दोष असेल तर उपाय मात्र आहे, आणि तो थोडा गमतीचा आहे. फोर-केच्या फाइलीवरून संगणकाला रात्रभर बसवून फुल एचडी प्रत तयार करून घ्यायची. हे काम सवडीने होते, घाई नसते, त्यामुळे ठिपक्यांची सरासरी नीट घेतली जाते. चार ठिपक्यांचा एक होताना चौघांचे थोडेथोडे दोष एकमेकांत विरून जातात, आणि रंग जो चार ठिपक्यांत एक होता तो आता प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा मिळू शकतो. अशी प्रत त्याच जुन्या लॅपटॉपवर लावली की ती मूळ फोर-केपेक्षा चांगली दिसते, आणि ड्रोनने थेट घेतलेल्या फुल एचडीपेक्षाही बहुधा सरस ठरते. चित्रपटाच्या संकलनात अशा हलक्या प्रतींवर काम करण्याची पद्धत जुनी आहे. फक्त ही प्रत झाली म्हणून मूळ फाइल पुसायची नाही. आमच्याकडे जागा वाचवण्यासाठी नेमके तेच केले जाते. गाणे घालून कापलेली तीन मिनिटांची फिल्म उरते, आणि तीही व्हॉट्सॲपवरून पुन्हा आवळली जाऊन फिरत राहते.

आणि बारकावा ड्रोनमध्येच जात असेल तर? तर व्हिडिओचा नाद सोडून फोटो घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुन्हा हिशेबच पाहा. 100 मेगाबिटच्या चित्रणात 30 चौकटी, म्हणजे एका चौकटीला सरासरी 33 लाख बिट. त्याच ड्रोनने घेतलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण पाच मेगाबाइटचा असतो, म्हणजे चार कोटी बिट. एका चौकटीच्या बारापट! फोटोला मागच्या पानाची बाकी ओढायची नसते आणि गवताशी वाटणी करायची नसते. शासनाच्या भूमी अभिलेख खात्यानेही गावठाणांची ड्रोन मोजणी केली ती एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंच्या ओळी घेऊनच. त्या फोटोंचे तुकडे जोडून मापाबरहुकूम नकाशा होतो. व्हिडिओ लोकांना दाखवायला ठेवावा, सडा कसा पसरला आहे, जवळ पाणी कुठे, वाट कुठून येते हे कळायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही.

जांभरूणला एकाच ठिकाणी पन्नासहून अधिक आकृत्या आहेत. अशा जागी माझ्याबरोबर येणारी मुले आता एक क्रम पाळतात. परवानगीचा नकाशा आणि जमीनमालकाचा होकार आधी. मग ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर उड्डाण, कारण रेषेची सावली तेव्हाच लांब पडते. उंची 30 मीटरऐवजी 12 ते 15, म्हणजे रेषा आपोआप दुपटीने रुंद. आकृतीजवळ एक मीटरची रंगवलेली पट्टी. ओळीने फोटो, प्रत्येकी निम्म्याहून अधिक भाग आधीच्या फोटोवर चढलेला. शेवटी बॅटरी उरली तर व्हिडिओ, आणि त्यातही प्रत्येक आकृतीवर ड्रोन पाच सेकंद थांबवून, मागच्या पानांची बेरीज जुळून चित्र निवळेपर्यंत. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, एक एकाच्या घरी आणि दुसरी दुसऱ्याच्या. गवत वाळल्यावर, जानेवारीनंतर, तेच सगळे पुन्हा एकदा.